पाण्याची वाट आणि माझी सही

न्यूझीलंडहून परतल्यावर पहिल्याच भिशीला मैत्रिणींनी विचारलं, "मग, काय काय पाहिलंस?" त्यांना बर्फाचे डोंगर, निळी सरोवरं, निदान मेंढ्या तरी अपेक्षित होत्या. मी म्हटलं, "दोन ओढे, एक उठून गेलेली वस्ती आणि एक विकाऊ घर." त्यावर जी शांतता पसरली ती साबुदाणे वडे येईपर्यंत टिकली. नीट सांगायचं राहूनच गेलं, म्हणून आता लिहिते आहे.

मी बत्तीस वर्षं नगररचना खात्यात काढली. वाढत्या गावांचे विकास आराखडे करायचे, ले-आउट तपासायचे, लोकांच्या हरकती ऐकायच्या आणि शेवटी सही करायची. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. देवळात गेले तरी आग लागली तर माणसं बाहेर कुठून पडतील हे मी आधी बघते, देवाला नंतर.

या खोडीमुळेच लेकीने मला बोलावलं. मुग्धा आणि जावई निखिल दोघंही ऑकलंडला आयटीत आहेत. आठ वर्षांची रेवा आहे. हिल्सबरो नावाच्या उपनगरात भाड्याने राहतात आणि दोन वर्षं घर शोधतायत. तिथे घरं बहुधा लिलावात विकली जातात. आपल्याकडे लिलाव म्हटलं की घरावर जप्ती आली असं वाटतं. तिथे चांगली नांदती घरं लोक हौसेने लिलावाला काढतात. मुग्धा अशा सहा लिलावांत हरली होती. सातवं घर अवोन्डेल भागात होतं आणि ते मिळण्यासारखं दिसत होतं. फोनवर म्हणाली, "आई, तू ये. तू बघून 'हो' म्हणालीस की मी डोळे मिटून हात वर करते."

लेकीने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नोकरीबद्दल आदर दाखवला होता. मी लगेच तिकीट काढलं.

हिल्सबरो

विमानतळावर गोडा मसाला, मेतकूट, लिंबाचं लोणचं सगळं मी इमानदारीने जाहीर केलं होतं. ते सगळं सुटलं आणि अडकले माझे बूट. तळव्यांना माती होती. निघायच्या आदल्या दिवशी मी पर्वतीच्या बाजूला फिरायला गेले होते, तिथली. बाहेरची माती देशात येऊ द्यायची नाही असा त्यांचा दंडक आहे. एका तरुण अधिकाऱ्याने बूट आत नेले, घासून धुतले आणि कागदात गुंडाळून परत आणून दिले. वर "सॉरी फॉर द वेट" म्हणाला. सरकारी माणसाने जनतेचे बूट धुतलेले मी तरी पहिल्यांदाच पाहिले. हे आमच्या ऑफिसात कुणाला सांगितलं असतं तर मला विश्रांतीची गरज आहे असं त्यांनी लेखी कळवलं असतं.

मुग्धाचं घर टेकडीच्या माथ्यावर आहे. खाली मानुकाऊची खाडी. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की सकाळी चहा घेताना समुद्र होता तिथे जेवणाच्या वेळी नुसता चिखल चमकत असतो. एप्रिल म्हणजे तिकडे पानगळीचा आरंभ, आणि फेजोआ नावाच्या फळाचा मोसम. दिसायला हिरव्या अंड्यासारखं, वासाला पेरू आणि अननसाच्या मधलं. प्रत्येकाच्या परसात ते इतकं लागतं की लोक बादल्या भरून फाटकाबाहेर ठेवतात आणि पाटी लावतात, 'घेऊन जा'. पहिल्या दिवशी मी दोनच उचलली, संकोच वाटला. चौथ्या दिवशी पिशवी घेऊन गेले. त्याचा मुरंबा केला, निखिलने तीन दिवसांत संपवला आणि म्हणाला, "आई, तुम्ही व्हिसा वाढवा."

आमच्या गल्लीत एक जुना बंगला पाडून तिथे तीन मजली सहा घरं उभी राहत होती. गाड्या ठेवायला जागा जवळपास नाहीच. शेजारच्या एक गोऱ्या आजी माझ्याकडे तक्रार करत होत्या की शहर फार वेगाने वाढतंय, ओळखूच येत नाही. मी मान डोलावली. आमच्या पुण्याच्या पूर्वेला एक गाव मी नोकरीला लागले तेव्हा ज्वारीचं होतं. आराखड्याची शाई वाळेपर्यंत तिथे बारा मजली टॉवर आले आणि ज्वारी राहिली ती टॉवरच्या नावात. हे त्यांना सांगून काय उपयोग? प्रत्येकाला आपलीच गल्ली भरभर बदलताना दिसते.

रेवा मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. एका संध्याकाळी शाळेचा गृहपाठ घेऊन आली. तिथल्या शाळांत मुलांना तिथल्या मूळ माओरी लोकांच्या रीतीने स्वतःची ओळख सांगायला शिकवतात. आधी आपला डोंगर सांगायचा, मग आपली नदी, मग आपली माणसं आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं नाव.

"आजी, व्हॉट्स अवर रिव्हर?"

"मुठा," मी म्हटलं.

"इज इट क्लीन?"

"लिहून घे गं तू. मुठा."

मला ती रीत फार आवडली. आमच्याकडे अर्ज आला की आधी गट नंबर, मग क्षेत्र, मग मालक. नदी आली तर शेवटच्या पानावर, ना-हरकतीच्या दाखल्यात.

दुसऱ्या दिवशी रेवाच मला माउंट रॉस्किलच्या बाजूचा एक ओढा दाखवायला घेऊन गेली. हा ओढा मागच्या पिढीने सिमेंटच्या सरळ नाल्यात घातला होता. आमच्याकडे आजही असंच करतात आणि वर 'नाला सुशोभीकरण' असा फलक लावतात. इथे मात्र त्यांनी तो सिमेंटचा नाला फोडला, ओढ्याला पुन्हा वळणं दिली, दोन्ही काठ उतरते केले आणि मुळं घट्ट धरणारी झाडं लावली. पाऊस झाला की पाणी हिरवळीवर पसरतं, थांबतं आणि सावकाश निघून जातं. कुणाच्या घरात जात नाही, कारण त्याला स्वतःची जागा दिली आहे.

तिथे 'हिने' नावाची साठीची माओरी बाई तण काढत होती. किआ ओरा, म्हणजे तिकडचा नमस्कार, झाला. मी नगररचनेतली आहे कळल्यावर तिने हातातलं खुरपं खाली ठेवलं आणि मला बाकावर बसवलं. म्हणाली, "सिमेंटमध्ये होता तेव्हा तो सतत धावायचा. आता जरा चालतो." आमच्या शहरात स्मार्ट खांब बसवलेत, त्यावर किती पाऊस पडला त्याचे आकडे झळकतात आणि खांबाच्या बुडाशी गुडघाभर पाणी असतं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. इथे आकडे दाखवणारा खांब नव्हता. पण काल रात्रभर पाऊस पडूनही माझे धुतलेले बूट कोरडे होते.

अवोन्डेल

रविवारी अवोन्डेलच्या बाजारात गेलो. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाशी भरणारा हा बाजार बघून माझा जीव भांड्यात पडला. मेथी, शेवग्याच्या शेंगा, कारली, अळूच्या भावंडासारखे मोठेमोठे टारो, लाल रताळी, आणि विकणारे चिनी, टोंगा बेटांवरचे टोंगन, फिजीचे भारतीय, सगळे एकमेकांवर ओरडणारे. शिस्तीच्या त्या देशात एवढा मनमोकळा गोंगाट मी दुसरीकडे ऐकला नाही. कोथिंबीर फुकट मिळत नाही एवढंच दुःख.

बाजारातून तसेच घर बघायला गेलो. घर बघायची वेळ अर्धा तास. दाराशी एजंट बाई हसत उभी, बूट बाहेर काढायचे, नाव लिहायचं आणि परक्याच्या घरात कपाटंसुद्धा उघडून बघायची. मुग्धा त्या घराच्या प्रेमात का पडली हे आत पाऊल टाकताच कळलं. लाकडी फळ्यांचं जुनं घर, पूर्वेला स्वयंपाकघर, खिडकीबाहेर लिंबाचं झाड, आणि मागे हिरवळ थेट खालच्या ओढ्यापर्यंत उतरत गेलेली. ओढ्यावर वेलींची कमान. रेवा मोजे घालूनच धावत सुटली. मुग्धा ओट्यावर हात ठेवून उभी होती, जणू पोळपाट काढायचाच बाकी होता.

घर पाहावं बांधून, असं आपण म्हणतो. आमच्या धंद्यात घर पाहावं खालून. मी बूट चढवले, पर्समधली टेप काढली आणि मागे गेले. टेप मी नेहमी जवळ ठेवते, काही बायका जशी सुईदोरा ठेवतात. घर ठोकळ्यांवर उभं होतं, खाली वाकून पाहिलं. ठोकळ्यांचा वरचा भाग जुना, खालचा नवा रंगवलेला. कुंपणाच्या जाळीत वाळकं गवत आणि प्लास्टिकचे तुकडे अडकले होते, माझ्या खांद्याच्या उंचीवर. मी अंतर मोजलं, वहीत लिहिलं. शेजारचं घर रिकामं, भोवती तात्पुरतं कुंपण.

"तुम्ही कौन्सिलकडून का?" पलीकडच्या कुंपणावरून आवाज आला. एक धिप्पाड टोंगन गृहस्थ, हातात फेजोआची बादली.

डोक्यावर टोपी, दोरीला चष्मा, हातात टेप आणि वही. बत्तीस वर्षं या अवतारात मला हाच प्रश्न विचारला गेला आणि बत्तीस वर्षं उत्तर एकच होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "हो."

झालं. त्यांनी बादली खाली ठेवली. फुटपाथची फरशी सात महिने उखडलेली आहे. समोरच्या वळणावर गाड्या भरधाव येतात. रस्त्यावरचं झाड वायरीत घुसलंय. आणि मी, देवाशपथ सांगते, एक-दोन-तीन करून सगळं लिहून घेतलं आणि वर म्हटलं, "हे लेखी द्या." मग मी विचारलं, पाण्याचं काय?

त्यांचं नाव सिओने. त्यांनी आपला हात आडवा करून मुग्धाच्या त्या लाडक्या खिडकीच्या खाली, चौकटीपासून वीतभर अंतरावर धरला. "इथपर्यंत. शेजारच्या बाईंना आम्ही खिडकीतून काढलं. त्या परत आल्या नाहीत."

तेवढ्यात मुग्धा मागे आली आणि म्हणाली, "आई, हे कोण?" मला सगळं कबूल करावं लागलं. मी कौन्सिलची नाही, मी पुण्याची आहे, मी आई आहे. सिओने इतके हसले की बादलीतली चार फळं बाहेर सांडली. जाताना पूर्ण बादली आम्हाला दिली, आणि यादी तेवढी खऱ्या कौन्सिलला पाठवायला सांगितली. ती मी पाठवली.

तिथे आणखी एक चांगली सोय आहे. कुठल्याही जमिनीबद्दल कौन्सिलला जे जे ठाऊक आहे ते अहवालात छापून मिळतं, कुणीही मागावं. मुग्धाकडे या घराचा अहवाल होता. त्यात पावसाच्या पाण्याची वाट निळ्या पट्ट्याने दाखवली होती आणि तो पट्टा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावरून जात होता. काही लपवलं नव्हतं. मुग्धाने वाचलंही होतं. पण सहा लिलाव हरलेल्या माणसाला निळा पट्टा फिकट दिसतो.

घरी आल्यावर मी म्हटलं, "हे घर नको."

"कोपराच तर आहे, आई. उंच करून घेऊ. निखिलने चौकशी केली आहे."

"पाणी खिडकीपर्यंत आलं होतं."

"एकदा! एकदाच आलं. तुला प्रत्येक घरात खोट दिसते. टेकडीवर दरड, उतारावर पाणी, सपाटीवर उकाडा. मग राहायचं कुठे आम्ही? आकाशात?" तिचे डोळे भरून आले होते. "लिलाव पंधरा दिवसांवर आहे. मला एक कारण दे, जे कागदात नाही. नुसती भीती नको दाखवू."

माझ्याकडे कारण होतं. ते मी एकोणीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हाही मूग गिळून गप्प बसले आणि भाजी चिरायला घेतली. निखिलने माझ्यापुढे फेजोआची वाटी ठेवली आणि गेला. चांगला मुलगा आहे.

ख्राइस्टचर्च

शाळेला सुट्टी होती आणि निखिलच्या कंपनीचं ख्राइस्टचर्चला दोन दिवसांचं काम निघालं, म्हणून सगळेच गेलो. मुग्धा माझ्याशी बोलत होती, पण 'चहा हवा का' आणि 'स्वेटर घाल' एवढंच.

दोन हजार अकराच्या मोठ्या भूकंपानंतर हे शहर बरंचसं नव्याने बांधलं आहे. कोऱ्या कागदावर शहर काढायला मिळणं म्हणजे आमच्या धंद्यातल्या माणसाला लाळच सुटते. त्यांनी काढलंही छान आहे. नदीच्या काठाने बसायला पायऱ्या, सुरेख वाचनालय, रुंद फुटपाथ. फक्त त्या फुटपाथवर मी आणि कबुतरं. माणसं सगळी गाडीत. नगररचनाकाराने रस्ता काढावा, चालायचं की नाही हे लोक ठरवतात. मी एका भल्याथोरल्या सिग्नलला उभी राहिले तर गाडीवाल्याने थांबून काच खाली केली आणि विचारलं, मी हरवले आहे का.

दुसऱ्या दिवशी नदीच्या खालच्या अंगाला गेलो. तिथे आधी मोठी वस्ती होती. भूकंपात खालची वाळू पाण्यासकट उकळून वर आली, घरं कलली, खचली. या जमिनीवर पुन्हा घर बांधणं शहाणपणाचं नाही, असं सरकारने ठरवलं. घरं विकत घेतली, पाडली, माणसं दुसरीकडे गेली. आता तिथे नुसतं गवत आहे. मैलोगणती. पण बागा राहिल्या. कुंपणं नाहीत, घरं नाहीत, आणि मध्येच सफरचंदाचं झाड, गुलाबाची रांग, दोन प्लम, एक अक्रोड. झाडांकडे बघून सांगता येतं की इथे फाटक होतं, इथे परसदार. मी आयुष्यभर शहर पुढे सरकताना पाहिलं. 'आमचं चुकलं' म्हणून मागे फिरलेलं शहर मी पहिल्यांदा पाहत होते. मला रडू आलं, आणि ते मी वाऱ्यावर ढकललं.

एका अक्रोडाखाली जॉफ नावाचे ऐंशीचे गृहस्थ पडलेले अक्रोड वेचत होते. आम्हाला बघून म्हणाले, "या, माझ्या स्वयंपाकघरात उभे आहात." दर वर्षी या दिवसांत येतात. झाड त्यांच्या बायकोने लावलेलं. त्यांनी रेवाला टाचेखाली अक्रोड फोडायला शिकवलं. ती आणि निखिल टाचा आपटत लांब गेले.

मी विचारलं, राग नाही येत?

"आला ना. पाच-सहा वर्षं आला," ते म्हणाले. "नंतर मी जुने नकाशे पाहिले. इथे दलदल होती, नकाशात सरळ लिहिलं होतं. कुणीतरी त्यावर रस्ते काढले." मग म्हणाले, "भला माणूस असणार. घाईत असेल."

त्यांना माहीत नव्हतं ते कुणाशी बोलतायत. मी त्यांच्या नसलेल्या स्वयंपाकघरात गवतावर बसले. मुग्धा धावत आली, "आई, काय होतंय? साखर कमी झाली का?"

"बस इथे," मी म्हटलं. "तुला कारण हवं होतं ना?"

आणि मी सांगितलं. आमच्या पूर्वेकडच्याच एका गावातली गोष्ट. एकोणीस वर्षांपूर्वीचा मे महिना. शहराची हद्द वाढली होती आणि टेबलावर फायलींचा डोंगर होता. एक ले-आउट आला. गाव नकाशात त्या जमिनीच्या मधून ओढा होता, वळणावळणाचा. अर्जदाराच्या नकाशात तोच ओढा पट्टीने आखून हद्दीला नेऊन ठेवला होता, म्हणजे भूखंड चौकोनी पडतात. पाटबंधारे खात्याची ना-हरकत जोडलेली. कागद सगळे बरोबर. मी पाहणीला गेले. ओढा कोरडा ठणठणीत. पण उंबर आणि करंजाची झाडं होती, ओढ्याच्या जुन्या वाटेने, एकामागे एक, वळत गेलेली. नकाशा खोटं बोलेल, झाडं कशी बोलतील? मला तिथेच कळलं होतं की पाणी इथूनच जाणार. पाच मिनिटं उभी राहिले. ऊन होतं, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, अजून चार जागा बघायच्या होत्या. गाडीत बसून लिहिलं, 'जागेची पाहणी केली. हरकत नाही.' खाली सही.

"कुणी दबाव आणला होता?" मुग्धाने विचारलं.

"नाही गं. तोच तर त्रास आहे. कुणी दबाव आणला नव्हता, कुणी काही दिलं नव्हतं. घाई होती."

"मग?"

"झाडं तोडली, बंगले झाले. चार वर्षांनी मोठा पाऊस आला. ओढ्याच्या जुन्या वाटेवरच्या बंगल्यांच्या रांगेत पाणी घुसलं. तेव्हापासून मोठ्या पावसात घुसतंच. मी बाहेरच्या रस्त्याने कितीदा गेले असेन. आत कधी वळले नाही."

मुग्धा बराच वेळ अक्रोडाचं हिरवं साल नखाने सोलत होती. तिची बोटं काळी झाली. मग म्हणाली, "त्या लोकांना माहीत आहे, पाणी का येतं ते?"

"नाही. त्यांना वाटतं गटार तुंबतं."

"अगं, मग इथे येऊन माझं घर काय बघत बसलीस?" ती रागाने म्हणाली नाही. आपल्या आईला आपण सांगतो ना, आधी जेवून घे, तशी म्हणाली. आणि माझा हात धरून मला उठवलं.

पुन्हा ऑकलंड

लिलावाला आम्ही गेलो नाही. त्या सकाळी मुग्धाने फ्रीज पुसला, मग ओव्हन पुसला, मग पुसायला काही उरलं नाही तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडली. मी दाराबाहेर उभी राहिले. लेकीला हवं ते घर नको म्हणायला मी सात समुद्र ओलांडून आले होते, आणि त्यात मला मुळीच शहाणं वाटत नव्हतं. बाहेर आल्यावर तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "थालीपीठ कर."

घर कुणीतरी घेतलं. कुणी का घेईना, त्याला निळा पट्टा छापून दाखवलेला होता; त्याने वाचून घेतलं. आमच्या त्या कॉलनीतल्या लोकांना वाचायला मी काय ठेवलं होतं? माझी सही.

निघायच्या आधी आम्ही आणखी एक घर पाहिलं. रेल्वे स्टेशनजवळ, उंचावर, तीन मजली, रांगेतलं. लॉन नाही, लिंबू नाही, कुंडी ठेवायला एक गॅलरी. रेवाने जिना सहा वेळा चढून उतरून पाहिला आणि "स्वीट ॲज!" म्हणजे तिकडच्या बोलीत 'झकास', असा निकाल दिला. मुग्धाने माझ्याकडे पाहिलं. मी आजूबाजूचा सगळा परिसर पायी हिंडून आले, अहवाल दोनदा वाचला, आणि मग हो म्हटलं. जूनमध्ये ते राहायला गेले. परवा फोनवर म्हणाली की पहाटे गाडीचा आवाज येतो आणि आता त्याशिवाय जाग येत नाही.

घरी

पुण्याला आल्यावर मी भूमी अभिलेखातून त्या गावचा जुना नकाशा काढला. त्यावर आत्ताची कॉलनी पेन्सिलने उतरवली. एक कागद लिहिला. ओढा कुठून जात होता, मंजुरीच्या नकाशात तो कुठे दाखवला गेला, जागेवर मला काय दिसलं होतं आणि तरी मी काय लिहिलं. कॉलनीला हा कागद महापालिकेपुढे ठेवता येईल, गरज पडली तर मी येऊन सांगेन, असंही लिहिलं. खाली नाव, जुनं पद आणि सही. मग एका बुधवारी सकाळी रिक्षा करून गेले. देवळाच्या पायरीशी आपण थबकतो तशी फाटकाशी थबकले, आणि बेल वाजवली.

त्या रांगेतला तिसरा बंगला. दार उघडलं ते सरोजताईंनी, पंचाहत्तरीच्या, एकट्या राहतात. मी नाव सांगितलं, आणि त्यांनी 'बसा' म्हणायच्या आत हेही सांगितलं की तुमचा ले-आउट मी मंजूर केला होता. त्यांनी मला आत घेतलं. सोफा विटांवर होता. फ्रीज लोखंडी घोडीवर. विजेची बटणं खांद्याच्या उंचीवर.

मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. ओढ्याची रेघ त्यांच्या फाटकातून येत होती, स्वयंपाकघरातून मागच्या भिंतीकडे जात होती. त्यांनी चष्मा लावला आणि रेघेवरून बोट फिरवलं, हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"अगदी असंच येतं," त्या म्हणाल्या. "असंच येतं आणि असंच जातं."

मी म्हटलं, मला तेव्हा कळलं होतं. तरी मी सही केली.

मी ओरडा खायची तयारी करून गेले होते. त्या नकाशावरचं बोट न उचलता म्हणाल्या, "ह्यांनी तीनदा फरशी उखडून जमीन उंच केली. स्वतः उभं राहून घर बांधलं होतं ना. दर पावसाळ्यात म्हणायचे, सरोज, बांधताना माझंच काहीतरी चुकलं. शेवटच्या आजारपणातसुद्धा तेच. गेले त्याला दोन वर्षं झाली."

मी तो लिहिलेला कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो उचलला, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि परत माझ्याच हातात दिला. उठल्या, आणि मला आतल्या खोलीत यायची खूण केली. तिथे भिंतीवर त्यांच्या यजमानांचा फोटो होता. त्यासमोर त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसल्या.

"वाचा," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्याने वाचा. त्यांना कमी ऐकू यायचं."